मादिराँची चव : कडवट, तुरट की राठ?

प्रश्न : फ्रान्सच्या मादिराँ या लाल वाइनचं वर्णन एका अनुवादात 'कडवट, टॅनिनयुक्त' असं केलंय. 'कडवट' चालेल का? आणि या नावाचा 'मदिरा'शी काही संबंध?

प्रतिसाद १ : संबंध नाही, नुसता योगायोग. मादिराँ हे नैर्ऋत्य फ्रान्समधलं, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेचं गाव. 1948पासून तिथल्या लाल वाइनला त्या नावाचं अपेलासिओं, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. मुख्य द्राक्ष ताना (शेवटचा 'ट' उच्चारत नाहीत). जोडीला काबर्ने फ्राँ वगैरे.

'कडवट' चुकलंच. कडू ही चव जिभेची. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणारं द्रव्य, लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. कच्च्या केळ्यानं किंवा काजूच्या बोंडानं होतं तसंच. त्याला आपला शब्द 'तुरट'. क्रियापद हवं तर 'तोंड आवळतं'.

प्रतिसाद २ : 'टॅनिन'चं मूळही पाहा. फ्रेंचमध्ये 'ताँ' म्हणजे कातडं कमावायला वापरायची ओकची कुटलेली साल. आपल्याकडे तेच काम हिरडा करतो, आणि तोही तुरटच! संस्कृत 'कषाय' अर्थाला नेमका आहे, पण मराठी वाचकाला काढा आठवेल. 'कटु' तर नकोच. आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट, कडू म्हणजे तिक्त.

प्रतिसाद ३ : मग 'राठ' का नको? मादिराँला शोभतो.

प्रतिसाद १ : सरसकट नको. पिकलेल्या तानाची वाइन दाट, काळपट, भरपूर तुरट असते. तो तिचा स्वभाव. बिया हिरव्या राहिल्या किंवा टाकीत त्या फार रगडल्या गेल्या, तर तुरटपणा खरखरीत लागतो. तो दोष, त्याला 'राठ' म्हणा. हा फरक अनुवादात पुसला की वाइन बिघडलीय असं वाटतं.

बाटली फ्रिजमधून काढून लगेच ओतली तरी चांगली वाइन राठ लागते, कारण गारव्यात टॅनिन जास्त बोचतं. 16 ते 18 अंशांवर, दोनेक तास आधी सुरईत ओतून ठेवलेली बरी. सोबत बदकाचं काँफी, म्हणजे त्याच्याच चरबीत मंद शिजवलेलं मांस. प्रथिनं नि चरबीनं तुरटपणा उतरतो. टाकीतल्या वाइनमध्ये मोजून प्राणवायूचे बारीक बुडबुडे सोडायचं तंत्रही 1990च्या दशकात वाइन-उत्पादक पात्रिक द्युकुर्नो यांनी मादिराँमध्येच विकसित केलं, तानाला मऊ करण्यासाठी. प्राणवायू जास्त झाला तर मात्र फळाचा वास मरतो.

प्रतिसाद २ : म्हणजे वाक्य असं : 'दाट, काळपट, तोंड आवळणारी तुरट वाइन.' 'टॅनिनयुक्त' गाळलं तरी चालेल, 'तुरट'मध्ये ते आलंच.