व्हॅनामेई कोळंबीच्या नमुन्याच्या बाटलीवर पेनियस लिहायचं की लिटोपेनियस?

टिळकवाडी_मास्तर: आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या कॉलेजांतल्या नमुन्यांवर ‘लिटोपेनियस व्हॅनामेई’ अशी चिठ्ठी असेल तर बदलून ‘पेनियस’ करा. लिटोपेनियस हा 1969 चा, पेनियसमधला उपजीनस (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट, उपजीनस त्यातला पोटगट). पेरेझ फार्फान्टे आणि केन्सली या अभ्यासकांनी 1997 मध्ये पेनियस फोडून त्याला पूर्ण जीनस केलं. 2011 मध्ये मा, चॅन आणि चू यांनी डीएनए तपासला, तर त्या फोडलेल्या गटांतले काही एकत्र राहीनात. म्हणून सगळे परत पेनियसमध्ये.

हिडकल_मत्स्य: मला नाही पटत, सर. लिटोपेनियस म्हटलं की मादीचं थेलिकम (शुक्राणू घेण्याची जागा) उघडं, हे लगेच कळतं. समागम अंडी घालण्याच्या थोडंच आधी होतो, स्पर्मॅटोफोर (शुक्राणूंची पुडी) बाहेर चिकटतो आणि हाताळताना गळून पडतो. टायगर कोळंबीचं थेलिकम बंद. तिथं कात टाकल्यावर लगेच समागम, शुक्राणू आत साठतात. हॅचरीवाल्याचं (पिल्लं काढणाऱ्याचं) सगळं वेळापत्रक यावर ठरतं. सगळ्यांना पेनियस म्हणून काय हाती लागलं?

टिळकवाडी_मास्तर: मग फार्फान्टेपेनियसचं, त्याच फोडलेल्यांतल्या दुसऱ्या गटाचं, काय करणार ओ? थेलिकम बंद, पण डीएनएत तो लिटोपेनियसच्याच शेजारी बसतो. थेलिकम हॅचरीच्या वहीत लिहा की, नावात कशाला?

निपाणीकर: तुमचं भांडण बाटलीपुरतं. आपल्या बाजारात कारवार-गोव्याचा माल येतो, त्यात बिनडोक्याचाही असतो. रोस्ट्रमच (डोक्यावरची दातेरी चोच) नाही तर दात काय मोजणार? पोटाच्या दुसऱ्या वलयाची बाजूची पाटी बघा. ती पहिल्या आणि तिसऱ्या दोन्हींवर चढलेली असेल तर कॅरिडिया हा वेगळा गट, म्हणजे गोड्या पाण्यातली मॅक्रोब्रॅकियम वगैरे. फक्त तिसऱ्यावर चढलेली आणि स्वतः पहिलीखाली असेल तर पेनियस मंडळी. पोटाखाली अंडी दिसली तर पेनियस नव्हेच, ती अंडी पाण्यात सोडून देते. सोललेल्या मालाला मात्र यातलं काही लागू नाही.

टिळकवाडी_मास्तर: हे बरोबर. चिठ्ठी बदलणाऱ्यांनी जात पहिल्यांदा वर्णिणाऱ्याच्या नावाभोवतीचा कंसही बघावा. ‘लिटोपेनियस व्हॅनामेई (बून, 1931)’ यात कंस हवा, कारण बूनने जात पेनियसमध्ये वर्णिली होती. पेनियस लिहिलंत की कंस काढायचा. हा हमखास राहून जातो.

हिडकल_मत्स्य: मग ‘पेनियस (लिटोपेनियस) व्हॅनामेई’ लिहा. नाव देण्याच्या नियमात बसतं, आणि जुने अहवाल लिटोपेनियस नावानेच शोधावे लागतात.

टिळकवाडी_मास्तर: लिहा, पण तिथंही बूनला कंस नको. कंस जीनस बदलला तरच, उपजीनसमुळे नाही.