'दुःस्वप्न'ला बोलीतला शब्द? आणि 'उरिएन'चं मराठीत काय करू?

रानजाई
मंडळी, अडलेय. गेले चार महिने आंद्रे जीद या फ्रेंच लेखकाचं एक छोटं पुस्तक मराठीत आणतेय, १८९३ सालचं, तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा. (जीद १९५१ ला गेला त्यामुळे आपल्याकडे हक्क संपलेत, तो प्रश्न नाही.) 'ओरायन' नावाच्या जहाजावरून काही तरुण निघतात, कुठे निघालोय ते त्यांनाच माहीत नाही, आणि सगळा प्रवास झोपेत दिसावा तसा होत जातो. एका बेटावर राणी आणि तिच्या बायका, तिथे जे मोहात पडले त्यांना प्लेग उचलतो. मग शेवाळाने भरलेला सारगॅसो समुद्र, तिथे कंटाळा म्हणजे अक्षरशः अंगावर चढणारा कंटाळा, आणि शेवटी बर्फाचा समुद्र, स्कर्व्हीचा आजार, गोठलेलं प्रेत. सगळं संपल्यावर लेखक एका बाईंना उद्देशून कवितेत सांगतो की मी तुम्हाला फसवलं, आम्ही हा प्रवास केलाच नाही.

आता अडचण. मागच्या पानासाठी मी 'दुःस्वप्नासारखी समुद्रसफर' असं लिहिलं. आईने वाचलं आणि म्हणाली हा शब्द तू कधी तोंडाने उच्चारलायस का, पोर रात्री घाबरून उठलं तर आम्ही 'ओसणलं' म्हणायचो. मी म्हटलं ओसणणं म्हणजे झोपेत बडबडणं. ती म्हणे अजिबात नाही, वाईट स्वप्नात सापडणं. दोन दिवस आमचं हेच चाललंय.

दुसरी अडचण मोठी आहे. शीर्षक 'ल व्हॉयाज द्युर्याँ', म्हणजे उरिएनचा प्रवास. पण फ्रेंच कानाला तेच 'काहीच-नाहीचा प्रवास' असंही ऐकू येतं. हे मराठीत कसं आणायचं?

मोडीवाला
दुःस्वप्नात काय वाईट आहे? ऋग्वेदात 'दुःष्वप्न्य' आहे, म्हणजे तीन हजार वर्षं माणसं हाच शब्द वापरून घाबरतायत. बोलत नाही म्हणून लिहायचा नाही हा नियम लावला तर निम्मी भाषा टाकून द्यावी लागेल. दिनांक, महापौर, चित्रपट हे सावरकरांनी दिले तेव्हा तरी कोण बोलत होतं? आज बोलतातच ना. ओसणणेबद्दल तुमचं बरोबर आहे, कोशात झोपेत बरळणे, बडबडणे असाच अर्थ आहे, जुन्या ग्रंथांत 'वोसणणे' असं व लावून येतं. आईंचा अर्थ घरगुती झालेला दिसतो.

नाखवा_वेंगुर्ला
ताई, तुम्ही 'जहाज' लिहिताय तिथे आधी थांबा. १८९३ चं स्वप्नातलं शिडाचं जहाज, त्याला 'तारू' म्हणा ना. आमचे आजोबा मचव्यावर होते, तरी लांबच्या मोठ्या शिडाच्याला तारूच म्हणायचे. जहाज म्हटलं की डोळ्यासमोर लोखंड आणि धूर येतो.

मोडीवाला
नाखवा, सहमत, शिवाय तारू आपला शब्द आहे, 'तृ' म्हणजे तरून जाणे त्यावरून. जहाज अरबी.

नाखवा_वेंगुर्ला
मोडीवाला काका, मी त्या कारणासाठी नाही म्हटलं. तुम्ही अरबी बाहेर काढलंत तर समुद्रावर मराठी माणसाला तोंड उघडता येणार नाही. सुकाणू अरबी, खलाशी अरबी, गुराब म्हणजे लढाऊ गलबत तेही अरबी (मूळ अर्थ कावळा), बंदर फारसी, दर्या फारसी, मी ज्या नावाने इथे लिहितोय ते नाखवासुद्धा फारसी नाखुदावरून. आणि ज्याचा आपण एवढा अभिमान धरतो ते 'आरमार' पोर्तुगीज आर्मादावरून. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र उघडा, आरमाराच्या प्रकरणात हेच शब्द भरलेत. ज्यांनी दुर्ग बांधले त्यांना चाललं. आपला शब्द कोणता ते ज्याच्या हाताला दोरीचे घट्टे आहेत त्याने ठरवावं असं मला मनापासून वाटतं.

मोडीवाला
त्याच काळात राज्यव्यवहारकोशही करून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. तेही महाराजांनीच. दोन्ही बाजू बघा.

लिओंकर
फ्रान्समध्ये राहते म्हणून थोडं उच्चाराबद्दल. 'द्युर्याँ' दोन्ही अर्थांना तंतोतंत एकच ऐकू येतं, श्लेष ओढूनताणून नाहीये, कुणी मोठ्याने नाव घेतलं की लिहून दाखवल्याशिवाय कळणारच नाही. आणि उरिएन हे नाव जीदने बनवलेलं नाही, आर्थर राजाच्या कथांमध्ये उरिएन नावाचा राजा आहे. म्हणजे वाचकाला आधी शूर सरदाराचा प्रवास वाटतो आणि मागून 'काही नाही' ऐकू येतं. हे दोन थर आहेत.

दुःस्वप्नाला फ्रेंचमध्ये 'कोशमार' म्हणतात. त्यातला 'कोश' जुन्या फ्रेंचमधल्या तुडवणे-दाबणे या क्रियापदावरून आणि 'मार' म्हणजे रात्री छातीवर बसणारं भूत. इंग्रजी नाइटमेअरमधलं मेअर हेच, घोडीशी संबंध नाही. म्हणजे त्यांच्याकडे या शब्दात वजन आहे, छातीवरचं वजन. दुःस्वप्नात ते वजन नाही, नुसतं 'वाईट' आहे. मला वाटतं तुमच्या आईला हेच खटकलं असेल.

पायरीवरची
लिओंकर अगदी. माझी आजी (सांगली) म्हणायची 'छातीवर बसलं होतं गं रात्री'. काय बसलं ते नाव घ्यायची नाही. उशाखाली अडकित्ता ठेवायची, लोखंड असलं की जवळ येत नाही म्हणून. मी लहानपणी तो अडकित्ता चाचपून बघायचे झोपायच्या आधी, थंडगार लागायचा, सुपारीचा वास यायचा, आणि मग झोप यायची. 'छातीवर बसणे' हे कोशमारचं शब्दशः मराठी आहे की. आपल्याकडे होतंच.

मोडीवाला
तो वाक्प्रचार झाला. 'छातीवर बसल्यासारखी समुद्रसफर' लिहिणार का?

पायरीवरची
नाही लिहिणार. पण 'झोपेत छातीवर कुणी बसावं तसा हा समुद्र' असं लिहिलं तर काय बिघडलं? एका शब्दाला एकच शब्द द्यायची सक्ती कुणी केलीय?

अकोलेकर
आमच्याकडं ओसणणं ऐकलंच नाही कधी. पोरगं 'झोपेत बरयते' म्हणतात, बरळतेचंच बरयते. मग घाबरलेलं असो नाहीतर नुसतं बोलत असो. रानजाई ताई, आई कुठल्या?

रानजाई
आई जुन्नरकडची. लिओंकर, तो सरदाराचा थर माझ्या लक्षातच आला नव्हता. नाखवा, तारू घेतेय, पटलं. पण सारगॅसोच्या भागात अजून अडलेय, तिथे पाणी हलत नाही, काठाकाठाने नुसतं जात राहायचं, बरोबरचे एकेक जण आतून मिटत चाललेत. 'निश्चल समुद्र' लिहिलंय, वाचताना शाळेचं पुस्तक वाटतं.

नाखवा_वेंगुर्ला
'भांग' घ्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि सप्तमी-अष्टमीला भांग, पाणी चढतही नाही उतरतही नाही नीट. भांगाच्या दिवसात पाण्याकडे बघितलं की असं वाटतं की समुद्राचं आज मन नाही. आणि सारगॅसो म्हणजे कुठलं तरी लांबचं प्रकरण समजू नका, त्याच जातीचं शेवाळ आपल्या किनाऱ्यावर खडकांना लागतं, रत्नागिरी-मालवणला ओहोटीत दिसेल, पिवळट तपकिरी, मध्ये मध्ये मण्यांसारखे फुगे, बोटाने दाबले की फुटतात.

मोडीवाला
पुण्यातला वाचक 'भांग' वाचून होळी आठवेल किंवा केसातला भांग.

नाखवा_वेंगुर्ला
मग पुण्यातल्या वाचकाला एक शब्द नवा शिकू दे की. निश्चल शिकला, भांग पण शिकेल.

लिओंकर
शब्द सुंदर आहे पण अर्थ जुळतो का? भांग भरती-ओहोटीचा, चार दिवसात जाणारा. सारगॅसो अटलांटिकच्या मधोमध, तिथली गोष्ट वारा आणि प्रवाहाची. भांगाच्या मागे उधाण येणारच असतं. या पुस्तकात येत नाही.

सागरगोटा
सगळे शीर्षक सोडून पुढे गेलात म्हणून लिहितो. मला फ्रेंच येत नाही. पण हे नाव मराठीत आणताना थोडं वाकवून 'उरेन' केलं तर? 'उरेन' एकत्र वाचलं की 'मी उरेन', मी शिल्लक राहीन. आणि तोडून वाचलं की 'उरे न', काही उरत नाही. लिओंकर म्हणतायत तसेच दोन थर, एक अक्षर न बदलता. तुम्ही सांगताय त्यावरून त्या तारवावरची माणसंही एकेक करून कमीच होत जातात, कोण उरेन कोण उरे न हाच तर प्रवास आहे. आपल्याला 'उरणे' हे क्रियापद तुकोबांनी किती उंचीवर नेऊन दिलंय, 'उरलो उपकारापुरता'. म्हणजे मराठी वाचक 'उर' ऐकला की त्याला नुसती शिल्लक आठवत नाही, मी संपल्यावर जे राहतं ते आठवतं. 'उरेनचा प्रवास'.

पायरीवरची
सागरगोटा दादा, अंगावर काटा आला.

मोडीवाला
कल्पना चांगली आहे, पण विशेषनाम बदलायचा अधिकार भाषांतरकाराला नाही. उद्या हॅम्लेटचं काहीही कराल. आणि 'उरे न' असं कोण बोलतं? 'उरत नाही', 'उरेना'. 'उरे न' ही कवितेतली मोड आहे.

सागरगोटा
पुस्तकही कवितेसारखंच आहे असं ताईंच्या बोलण्यावरून वाटतंय. आणि काका, सकाळी तुम्हीच म्हणालात की बोलत नाही म्हणून लिहायचं नाही हा नियम चुकीचा.

मोडीवाला
तो शब्दांबद्दल होता. नावांबद्दल नाही. ज्याचं नाव आहे त्याला विचारता येत नाही म्हणून तर जास्त जपायचं.

लिओंकर
मला उरेन आवडलं पण एक शंका. फ्रेंचमध्ये दुसरा अर्थ हळूच मागून येतो. मराठीत 'उरेन' हे आधीच क्रियापद आहे, नाव वाटणारच नाही, श्लेष दारातच उभा राहील. आर्थरचा राजा तर पूर्णच जाईल.

रानजाई
सागरगोटा, काल रात्री झोपच लागली नाही नीट, उरेन उरे न उरेन उरे न करत बसले. अजून ठरवलं नाही. लिओंकरची शंका खरी आहे. पण मग मी तुमच्यासारखं मराठीच्या बाजूने शेवटचा भाग परत वाचला. बर्फाच्या भिंतीपाशी प्रेत आहे, वर बर्फात दोन लॅटिन शब्द कोरलेत, 'इथे निराश झालेला' अशा अर्थाचे, आणि त्याच्या गोठलेल्या मुठीत कागद. ही सगळी माणसं इतक्या लांब आली, आता काहीतरी कळेल असं वाटतं, तो कागद काढतात, आणि तो रिकामा. मी 'पूर्णपणे पांढरा' लिहिलं होतं, फ्रेंचमध्ये पांढराच आहे. आता लिहिलंय, 'भिंतीवर कोरलेलं, मुठीत कोरं'. फ्रेंचमध्ये हा श्लेष नाहीच. शीर्षकात जे गेलं ते इथे परत मिळालं असं वाटतंय, आणि भाषेने दिलं, मी काही केलं नाही.

नाखवा_वेंगुर्ला
वा ताई.

मोडीवाला
वाक्य उत्तम. पण कोरणे आणि कोरा यांचं मूळ एक आहे असं मात्र कुणी समजू नये.

पायरीवरची
काका, कानाला एक आहे तेवढं पुरे. कोरा चहा, कोरं लुगडं, कोरी पाटी, जे अजून कुणी हात लावलेलं नाही ते कोरं. पांढऱ्यात ते नाही. आजी कोरं लुगडं आधी देवापुढे ठेवायची मग नेसायची.

अकोलेकर
ते ओसणण्याचं राहिलंच. इथं कामावर एक जण संगमनेरचा आहे त्याला विचारलं. तो म्हणतो ओसणणं म्हणजे झोपेत उठून बसणं, डोळे उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी विचारलं तर काहीच आठवत नाही.

रानजाई
थांबा थांबा, डोळे उघडे पण ओळख नाही? आईला फोन लावते.