बाहेरचा परीक्षक आणि नेमणुकीचे नियम
बाहेरचा परीक्षक, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षांवर नजर ठेवायला बाहेरून, बहुतेकदा दुसऱ्या विद्यापीठातून बोलावलेला प्राध्यापक, नुसता सही करायला येतो असं इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. ब्रिटनमध्ये तो सगळे पेपर परत तपासत नाही हे खरंय, तपासलेल्यातले काही बघतो, पण प्रश्नपत्रिका आधी त्याच्या नजरेखालून जाते, निकालाच्या बैठकीला तो बसतो आणि दरवर्षी थेट विद्यापीठाला रिपोर्ट देतो, त्याला विद्यापीठाने उत्तर द्यायचं असतं.

नेमणुकीच्या नियमांबद्दल मात्र कुणीच बोललं नाही, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुदत साधारण ४ वर्षं, आणि तुमचा माणूस आमच्याकडे, आमचा तुमच्याकडे अशी दोन विभागांची अदलाबदल चालत नाही. ओळखीपाळखीतलेच लोक आणून बसवले तर रिपोर्ट गुळमुळीतच येणार ना.