कोस्टारिका: घण नेमका कुणाच्या फौजेवर पडला?

घाटमाथा
दरवर्षी १ डिसेंबरला तो फोटो फिरतो. १९४८ साली कोस्टारिकाच्या राजधानीत, सान होसेच्या बेयाविस्ता बराकीच्या भिंतीवर तेव्हाचे सत्ताप्रमुख होसे फिगेरेस घण घालताहेत. खाली ओळ: 'त्यांनी सैन्यच बरखास्त केलं, आपण कधी शिकणार?'

मला हे भाबडं वाटतं. फिगेरेस काही अहिंसेचे पुजारी नव्हते. त्याच वर्षी संसदेने फेब्रुवारीतली निवडणूक रद्द केली म्हणून त्यांनी बंड पुकारलं, ४४ दिवस यादवी चालली, सुमारे दोन हजार माणसं मेली. जिंकल्यावर हरलेल्या सरकारचं सैन्य मोडलं, कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. शत्रूचे दात पाडले आणि वर पुण्यही पदरात!

ताकतुंबा
घाटमाथा, इथेच गडबड आहे. डिसेंबरपर्यंत जुनं सैन्य उरलंच कुठे होतं? बराकीत होती ती फिगेरेसच्या बाजूने लढलेली माणसं. म्हणजे घण पडला तो स्वतःच्याच फौजेवर.

आणि त्या फौजेची भीती पोकळ नव्हती. एप्रिल १९४९ मध्ये त्यांचेच सुरक्षामंत्री एदगार कार्दोना बराकी ताब्यात घेऊन बसले. बंड फसलं. पुढे १९४९ च्या घटनेत कलम १२ आलं, कायम सैन्य नाही. नोव्हेंबरात फिगेरेसनी सत्ता उलाते यांच्या हाती दिली, म्हणजे ज्यांची निवडणूक रद्द झाली होती त्यांच्याच. लॅटिन अमेरिकेत बंड करून आलेला माणूस दीड वर्षात खुर्ची सोडतो, हे किती वेळा पाहिलंय?

चिंचगूळ
अहो, पण सैन्य नाही म्हणजे संरक्षण उसनं. घोषणेला पंधरवडाही झाला नव्हता तोच निकाराग्वातून यादवीत हरलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष काल्देरोनचे लोक घुसले. अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेकडे (ओएएस) धाव घ्यावी लागली. जानेवारी १९५५ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा अमेरिकेने चार मस्टँग लढाऊ विमानं दिली, एकेक डॉलरला! ज्याच्या डोक्यावर असलं छत्र, त्याने घण घालायला काय हरकत आहे?

ताकतुंबा
छत्र ग्वाटेमालावरही होतं की! १९५४ मध्ये सीआयएने तिथलं निवडून आलेलं सरकार पाडलं, आणि राष्ट्राध्यक्षांच्या मागे उभं राहायला त्यांचंच सैन्य कच खाऊन गेलं. कोस्टारिकात फितवायला सैन्यच नव्हतं. शेजारी एल साल्वादोर, निकाराग्वा यादवीत होरपळले, इथे निवडणुका चालू राहिल्या. २०१० मध्ये निकाराग्वाचे सैनिक सीमेवरच्या कालेरो बेटावर उतरले तेव्हा कोस्टारिकावाले हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये जिंकले. एक गोळी न झाडता.

घाटमाथा
कार्दोनाचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. 'हरलेल्यांचं सैन्य' हे शब्द मागे घेतो. पण मग फोटोखाली शांततेचं सुभाषित कशाला? आपल्याच सेनापतींना घाबरलेल्या माणसाचा तो फोटो आहे, असं लिहा ना.

चिंचगूळ
आणि शेजारी पनामा आहे. सैन्य त्यांनाही नाही, पण त्यांचं १९८९ मध्ये अमेरिकेनेच आत घुसून मोडलं. त्याचा फोटो कुणी फिरवत नाही.