मदत हवी आहे : कडी लावायला वळलेल्या नवऱ्याला मारलेला फटका स्वसंरक्षण ठरू शकतो का?

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीवर तिच्या नवऱ्याच्या फिर्यादीवरून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली, म्हणजे घातक साधनाने दुखापत केल्याचा, गुन्हा दाखल झाला आहे. साधन म्हणजे खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. तिच्या संमतीने, गाव आणि नावे वगळून, प्रकरण येथे मांडत आहे. वकील नेमणार आहोतच, परंतु त्यांच्यासमोर बसण्यापूर्वी आपला मुद्दा नेमका कोणता आणि त्यासाठी कोणते कागद लागतील, हे आम्हाला समजून घ्यायचे आहे.

लग्नाला नऊ वर्षे झाली असून मुलगी सात वर्षांची आहे. त्या रात्री साडेदहाच्या सुमारास भाजीवरून वाद झाला. दाजींनी (सवयीने हाच शब्द लिहिला जातो, क्षमस्व) ताईचे केस धरून तिचे डोके ओट्याच्या कडेवर आपटले व गळा आवळला, मग तिला सोडून, ‘आज बघतोच तुझ्याकडे’ असे म्हणत ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी लावायला वळले. कडी लागण्यापूर्वी ताईने ओट्यावरचा बत्ता उचलून एकच फटका मारला, तो त्यांच्या डोक्याला मागच्या बाजूस लागला आणि ते खाली बसले. ताईने पुन्हा हात उचलला नाही. बाहेरच्या खोलीतून मुलीला घेऊन ती शेजारी गेली आणि शेजाऱ्यांच्या फोनवरून ११२ क्रमांकावर तिनेच कळवले. दाजींना पाच टाके पडले, हाड मोडलेले नाही. ताईला अटक झालेली नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस मिळाली आहे व त्यानुसार ती हजर राहत आहे.

अडचण जखमेच्या जागेची आहे. तपासी अंमलदारांचे म्हणणे असे, की जखम मागे आहे याचा अर्थ फिर्यादी पाठमोरा होता, आणि पाठमोऱ्या माणसापासून कसला धोका? मारहाण थांबली होती, आता मारले ते रागाने, असे त्यांनी तोंडी सांगितले. ताईचे उत्तर साधे आहे. मारहाण थांबलेली नव्हती, तर सुरू व्हायची होती. त्या घरात दाराला कडी लागली की पुढे काय होते, हे तिला नऊ वर्षांत पाठ झाले आहे. २०२२ मध्ये कडी लागल्यानंतर तिचे मनगट मोडले होते. तेव्हा रुग्णालयात ‘मोरीत घसरून पडले’ असे तिनेच सांगितले, आणि तेच आज केसपेपरवर लिहिलेले आहे.

न्याय संहितेची खाजगी संरक्षणाबद्दलची ३४ ते ४४ ही कलमे, म्हणजे जुन्या दंडसंहितेची ९६ ते १०६, मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. कलम ४० म्हणते की शरीराच्या खाजगी संरक्षणाचा हक्क, गुन्हा प्रत्यक्ष घडलेला नसला तरी, तो करण्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून धोक्याची वाजवी धास्ती निर्माण होताच सुरू होतो आणि ती धास्ती आहे तोवर टिकतो. हे वाचून धीर येतो. पण कलम ३७ अडवते : सार्वजनिक प्राधिकाऱ्यांकडे दाद मागण्यास अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही.

दाद मागण्याबद्दल सांगायचे तर ताई दोन वेळा पोलीस ठाण्यात गेली होती. दोन्ही वेळा अदखलपात्र नोंद झाली, एन.सी.ची पावती हातात मिळाली आणि ‘घरचे भांडण घरात मिटवा’ हा सल्लाही मिळाला. पावत्या तिने पिठाच्या डब्याखाली जपून ठेवल्या होत्या, म्हणून आज त्या आमच्याकडे आहेत. तिची स्वतःची वैद्यकीय तपासणी मात्र घटनेनंतर दोन दिवसांनी झाली. तोवर गळ्यावरचे वळ फिकट झाले होते, तरी ‘मानेवर पिवळसर डाग’ एवढी नोंद आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. तिची धास्ती वाजवी होती का, हे ठरवताना न्यायालय केवळ ते दहा-पंधरा सेकंद पाहते की आधीची नऊ वर्षेही पाहते? पाहत असेल, तर ती वर्षे अभिलेखावर आणायची कशी? आणि रुग्णालयातला तिचाच जुना खोटा जबाब तिच्याविरुद्ध वापरला जाईल का?

प्रतिसाद १

मी फौजदारी बाजूला वकिली करतो. कागद न पाहता लिहीत असल्याने हे केवळ दिशादर्शक समजावे.

तुम्ही कलम ४० आणि ३७ योग्य वाचली आहेत, पण कलम ३८ च्या यादीतला कैदेचा खंड तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. सुटकेसाठी सार्वजनिक प्राधिकाऱ्यांकडे जाता येणार नाही अशी वाजवी धास्ती वाटेल अशा परिस्थितीत कोणी अन्यायाने कोंडून ठेवण्याच्या उद्देशाने हल्ला करत असेल, तर बचावाचा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. तुमच्या प्रकरणात मृत्यू झालेला नाही, त्यामुळे एवढ्या लांब जाण्याची गरज नाही. मृत्यूखेरीज अन्य इजेपुरता हक्क कलम ३९ खालीही मिळतो, अर्थात ३७ च्या मर्यादेत. परंतु कडी हा या प्रकरणाचा कणा आहे. पोलिसांच्या मते तो पाठमोरा होता म्हणून धोका संपला होता. तुमची बाजू अशी, की तो ज्या कामासाठी पाठमोरा झाला, तेच काम धोक्याची पुढची पायरी होते. एकच फटका, नंतर हात आवरणे आणि स्वतः ११२ ला कळवणे या तिन्ही गोष्टी प्रमाणाच्या मुद्द्यावर तुमच्या बाजूने जातात. असा प्रसंग सोन्याच्या तराजूत तोलायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे.

आता नऊ वर्षांविषयी. साक्ष अधिनियमाचे कलम १२, म्हणजे जुने कलम १४, पाहावे. मनाची अवस्था हाच वादाचा मुद्दा असतो तेव्हा ती दाखवणारी वस्तुस्थिती प्रस्तुत, म्हणजे पुराव्यात आणण्याजोगी, ठरते. त्या वाटेने एन.सी., उपचारांचे कागद आणि शेजाऱ्यांची साक्ष आणता येते. स्वसंरक्षणासारखा अपवाद सिद्ध करण्याचा भार कलम १०८ नुसार आरोपीवर असला, तरी सरकारपक्षाप्रमाणे संशयापलीकडे सिद्ध करावे लागत नाही, अधिसंभाव्यतेचे पारडे झुकले, म्हणजे तुमची हकिकत अधिक संभवनीय वाटली, तरी पुरते. मात्र आरोप निश्चितीच्या टप्प्यावरच हा बचाव मान्य होईल अशी आशा धरू नका. तो बहुधा पुराव्यानंतरच तोलला जातो.

‘घसरून पडले’ या नोंदीवर उलटतपासणी होणार, हे गृहीत धरा. तसे का सांगितले, याचा खुलासा आपणहून द्यावा. त्या वेळी रुग्णालयात सोबत कोण होते, हे केसपेपरवर लिहिलेले असते, ते आधी पाहा.

प्रतिसाद २

मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सुयंबुक्कनी प्रकरणात दीर्घकाळ साचलेल्या छळाला प्रक्षोभ (मन भडकवणारे कारण) मानले होते, आणि इंग्लंडमध्ये १९९२ साली, छळ करणाऱ्या पतीला जाळून मारलेल्या किरणजित अहलुवालिया यांची खुनाची शिक्षा रद्द झाली होती. हे निकाल वकिलांना दाखवावेत का?

धागाकर्ता

आभारी आहे. पण ही दोन्ही प्रकरणे खुनाची होती आणि तेथे प्रश्न गुन्ह्याची श्रेणी कमी करण्याचा होता. दाजी सुदैवाने हिंडते-फिरते आहेत. शिवाय तिचे मन भडकले होते असे आम्ही म्हणू लागलो, तर ‘रागाने मारले’ हे पोलिसांचे म्हणणे आम्हीच कबूल केल्यासारखे होईल. ती भ्यायली होती, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

प्रतिसाद ३

मी पीडित महिलांसोबत काम करते. फौजदारी खटल्याची वाट न पाहता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज करा. संरक्षण अधिकाऱ्यांकडून घटनेचा अहवाल भरून घ्या आणि त्यात मनगटाची हकिकत तारखेसह लिहा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. ‘दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेऊ’ असा निरोप येईल, किंवा आलाही असेल. वकिलांनी वाचल्याखेरीज कशावरही सही करू नका. दाजींचे व्हॉट्सॲप संदेश असतील तर ते फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका. केवळ स्क्रीनशॉट पुरत नाहीत, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडावे लागते.

धागाकर्ता

निरोप आला आहे, मामांकरवी. सही केलेली नाही.

मनगटाचा केसपेपर आज काढून पाहिला. ‘सोबत : पती’ असे लिहिलेले आहे.

पहिल्या प्रतिसादातील वकीलसाहेबांना आणखी एक विचारायचे आहे. घटनास्थळ पंचनाम्यात स्वयंपाकघराचे दार ‘उघडे’ असल्याचे नमूद आहे, पण त्याला आतून कडी आहे याचा उल्लेखच नाही. घर सध्या दाजींच्या ताब्यात आहे आणि ती कडी उद्या काढून टाकली गेली तर ती होती हे कोण सांगणार, अशी ताईला धास्ती आहे. भाचीच्या पाचव्या वाढदिवसाचे एक छायाचित्र आमच्या फोनमध्ये आहे. ती स्वयंपाकघरात केक कापते आहे आणि मागे ते दार व वरची कडी स्पष्ट दिसते. तपासी अंमलदारांना पुरवणी पंचनाम्यासाठी आताच लेखी अर्ज द्यावा, की हे छायाचित्र बचावाच्या वेळेपर्यंत राखून ठेवावे?