ॲक्रिलिकमध्ये गुरू ग्रह खरा वाटेल असा कसा रंगवायचा?

रंगवेडा_राजारामपुरी
मंडळी, 24 इंची चौकोनी कॅनव्हासवर गुरू काढायला घेतलाय. समोर दोन फोटो आहेत, एक हबल अंतराळ दुर्बिणीचा नि एक गुरूकडे पाठवलेल्या जुनो यानाचा, पण एकात रंग फिके क्रीम आणि दुसऱ्यात निळे-केशरी भोवरेच भोवरे, मग खरा कुठला धरायचा? पट्टे बऱ्यापैकी जमलेत पण ग्रह गरगरीत वाटत नाही, ताटावर रेघा ओढल्यासारखा दिसतो. त्यात कोल्हापूरचं एप्रिलचं ऊन, ब्रश फिरवेपर्यंत रंग वाळतोय. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून मिसळतात ते) घालू का?

दुर्बीणवाला_पन्हाळा
भावा, आधी एकच फोटो ठेव. जुनोनं ध्रुवांवरून फिरत जवळून फोटो काढलेत, त्याचे कच्चे फोटो नासा सगळ्यांना खुले देते, मग लोक बारकावे उठून दिसावेत म्हणून रंग ताणतात. पूर्ण ग्रह समोरून हवा असेल तर हबलचा घे, पण त्यातलेही काही अतिनील किंवा इन्फ्रारेडमधले असतात, तेव्हा फोटोखालची माहिती वाचच. डोळ्याला दिसणारा गुरू क्रीम, मातकट, फिका तपकिरी असतो, गुरूवरच्या मोठ्या वादळाचा तो लाल डागसुद्धा विटकरी झाक असलेला नारिंगी.

आणि वर्तुळ काढलंयस का? गुरू 10 तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो म्हणून विषुववृत्तावर फुगलाय, आडवा व्यास 1,42,984 किमी, उभा 1,33,708. म्हणजे रुंदी 18 इंच घेतली तर उंची साधारण 16.8. पुठ्ठ्यावर मध्यापासून दोन्ही बाजूंना 3.2 इंचावर टाचण्या मार, 24.4 इंचाचं दोऱ्याचं वेटोळं त्यात अडकवून पेन्सिल ताणून फिरव, मग कापून स्टेन्सिल कर. एवढ्यानंच लई फरक पडतोय बघ.

चित्रकलेच्या_बाई
गरगरीतपणा पट्ट्यांनी येत नाही, कडेनं येतो. गुरूच्या कडेला प्रकाश वातावरणातून तिरपा जातो म्हणून कड सगळीकडून काळपट पडते. पट्टे पूर्ण वाळू द्या, मग ग्लॉस मीडियममध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणारं चकचकीत द्रव्य) बर्न्ट अंबर म्हणजे गडद तपकिरी आणि चिमूटभर अल्ट्रामरीन निळा, अगदी पातळ करून फक्त कडेला फिरवा, वाळलं की परत, आणि आत येताना कोरड्या मऊ ब्रशनं विरवत न्या. एकाच जाड थरात करायला गेलात तर काळी बॉर्डर दिसेल. पट्टेही कडेकडे अरुंद होत, किंचित वळलेले हवेत. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, म्हणून मिश्रण हवं त्यापेक्षा थोडं फिकं ठेवा.

रिटार्डर घाला पण बाटलीवरच्या प्रमाणातच, जास्त झालं तर थर चिकट राहतो. त्याहून सोपं म्हणजे स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीपण ओला मिळतो. आणि दुपारी पंख्याखाली बसू नका, सकाळी लवकर करा.

रंगवेडा_राजारामपुरी
बाई, दोऱ्याचं आणि डब्याचं आजच करतो. मागं टूथब्रशनं चांदण्या उडवू का?

दुर्बीणवाला_पन्हाळा
फोटोसारखा खरा हवा असेल तर नको. गुरू इतका तेजस्वी आहे की त्याच्यासाठी लावलेल्या एक्स्पोजरमध्ये मागचे तारे येतच नाहीत. त्याऐवजी आयो चंद्राची सावली टाक, पट्ट्यांवर एक बारीक काळा ठिपका, कड अगदी स्वच्छ.