सेलमच्या त्या पोरीबद्दल
अख्खं गावच वेडं झालं तर एकाच्या गप्प बसण्याने काय फरक पडतो, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटलं. १६९२ चं अमेरिकेतलं सेलमच बघा, जिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, तिथली अ‍ॅन पटनम जेमतेम १२ वर्षांची, झटके आल्यासारखं करायची आणि चेटकीण म्हणून नावं घ्यायची, आता रिबेका नर्ससारखी सत्तरीची म्हातारी फासावर गेल्यावर 'मी खोटं बोलले' म्हणणार कुठल्या तोंडाने? मला वाटतं मग आधीचं खरं ठरवायलाच अजून नावं. कोर्टही अजब, कबूल करणारे वाचले आणि 'मी नाही त्यातली' म्हणणारे लटकले, एकूण १९. न्यायाधीश सॅम्युअल सूअलने १६९७ मधे जाहीर माफी मागितली, अ‍ॅनने थेट १७०६ मधे, तीही सैतानाने भुलवलं म्हणून. मनात राग नव्हता म्हणे! मग घरच्यांचं ज्यांच्याशी वाकडं त्यांचीच नावं कशी काय आली तोंडात?